क्रेडिट कार्ड: ‘किमान देय रक्कम’ या चौकटीने माझे अकरा महिने खाल्ले

रानजाई

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. परवा शाळेत नवीन रुजू झालेली मैत्रीण मधल्या सुट्टीत म्हणाली, "ताई, कार्डाचं बिल अठरा हजार आलंय, पण भरायचे नऊशेच आहेत. बरं झालं, या महिन्यात तसेही हात आखडते आहेत." ते ऐकलं आणि रात्री लिहायलाच बसले.

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. जून २०२३ मध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बहुतेक खर्च विम्यातून गेला, वरचे ५०,००० मी कार्डावर भरले. आईला त्याच दिवशी घरी आणता आलं. कार्डाने त्या वेळी हात दिला, हे मी आजही मानते.

जुलैत बिल आलं. वर दोन चौकटी होत्या. एकीत ‘एकूण देय रक्कम ५०,०००’, तिच्या शेजारी तेवढ्याच ठळक अक्षरात ‘किमान देय रक्कम २,५००’. मी अडीच हजार भरले. "तुमची रक्कम मिळाली, धन्यवाद" असा मेसेज आला आणि मी निर्धास्त झाले. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मोबाइलचा रिचार्ज आणि थोडं पेट्रोल असं महिन्याला पाच-सहाशेचं किरकोळ त्याच कार्डावर चालू होतं. एकही तारीख चुकवली नाही. आपण वेळेवर भरतोय, शिस्तीत आहोत, असंच मला वाटत होतं.

जून २०२४ चं बिल आलं ५१,६४० रुपयांचं.

मी अकरा महिन्यांचे बँकेचे मेसेज काढले आणि मुलीच्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर बेरीज केली. भरलेले पैसे अठ्ठावीस हजारांच्या आसपास, आणि बिल सुरुवातीपेक्षा जास्त. बेरीज चुकली असेल म्हणून तीनदा केली. नवऱ्याला सांगायला मला चार दिवस लागले.

शेवटी आमच्या शिक्षक पतपेढीतून कर्ज काढून कार्ड एकदाच कोरं केलं. पतपेढीचा दर दसादशे १० टक्के. बारा हप्ते पगारातून परस्पर कापून गेले आणि विषय संपला.

तुम्ही कार्ड कसं वापरता, काय पाळता, कुठे ठेच लागली, ते इथे लिहा. मैत्रिणीला हा धागा वाचायला देणार आहे.

सुधीरकाका

रानजाई, लिहिलंस ते फार चांगलं केलंस. मी बँकेतून निवृत्त झालोय, शेवटची काही वर्षं कार्डांच्याच विभागात होतो. तुझा हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे इतरांनाही तो कागदावर दिसेल.

कार्डावरचं व्याज बहुतेक ठिकाणी महिन्याला ३ ते ३.७५ टक्के असतं. आपण साडेतीन धरू. वर्षाचे झाले ४२ टक्के. पण एवढ्यावर थांबत नाही, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५०,००० वर महिन्याचं व्याज १,७५०, कर ३१५, मिळून २,०६५. तू भरलेस २,५००. मुद्दलातून गेले फक्त ४३५ रुपये.

तू त्या कार्डावर पुढे एक रुपयाही खर्च केला नसतास, तरी अकरा महिन्यांत २६ हजारांच्या आसपास भरून कर्ज फक्त साडेपाच हजारांनी उतरलं असतं. वर रिचार्ज-पेट्रोल चालू राहिलं, म्हणून आकडा उलटा चढला.

आता लोकांच्या हमखास लक्षात न येणारी गोष्ट. मागची बाकी शिल्लक असेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. दोनशेचं पेट्रोल टाकलंस तरी त्यावर त्याच दिवसापासून व्याज. पन्नास दिवस फुकट म्हणून जे सांगतात, ते फक्त पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी.

किमान रक्कम भरल्याने उशिराचा दंड टळतो आणि खातं थकीत दिसत नाही. तिचा उपयोग एवढाच. घरात मयत झाली, पगार अडकला, अशा एखाद्या महिन्यासाठी ती ठीक आहे. सवय म्हणून नाही.

तुझ्या पतपेढीच्या कर्जाचंही बघ. ५०,००० ला १० टक्क्यांनी बारा हप्ते म्हणजे हप्ता साधारण ४,४००, वर्षभराचं व्याज पावणेतीन हजारांच्या आत. कार्डावर तेवढं व्याज दीड महिन्यात लागतं. कार्डाची बाकी अडकलेल्या कुणालाही मी हेच सांगतो: पतपेढी, सोनेतारण, ठेवीवरचं कर्ज, काहीही चालेल, पण ती बाकी स्वस्त कर्जात वळवा. आणि फेडून होईपर्यंत कार्ड कपाटात.

वऱ्हाडी_माणूस

काका, एक विचारतो. आमच्याकडे सावकारासाठी २०१४ चा सावकारी कायदा आहे, दर ठरवून दिले आहेत. बेचाळीस टक्के सावकाराने घेतले तर लोक पोलिसांत जातात. मग बँकेला कसं चालतं?

सुधीरकाका

प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. बँका वरच्या न्यायालयात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी आयोगाचा तो आदेश रद्द केला. व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येतो, आणि रिझर्व्ह बँकेने कार्डासाठी कमाल दराचा आकडा बांधून दिलेला नाही. त्यामुळे आपली राखण आपणच करायची.

किराणा_बारामती

मी दुकानदार आहे, थोडं आमच्या बाजूने लिहितो.

आमच्या दुकानात वडिलांच्या काळापासून उधारीची वही आहे. लाल कापडी बांधणीची, प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान वेगळं. पाच तारखेनंतर वडील प्रत्येकाला आठवण करायचे, "भाऊ, पान मिटवून टाका." एखाद्याचं पान दोन महिने मिटलं नाही की त्याला पुढचा माल देताना हात आखडता घ्यायचे. त्यात आमचा स्वार्थ होताच, पण त्या माणसाचंही भलं होतं. त्याचं देणं त्याच्या कुवतीबाहेर जात नव्हतं.

कार्डाचं नेमकं उलटं आहे. तुम्ही पान मिटवलं तर बँकेला व्याज मिळत नाही. म्हणून ती म्हणते, नऊशे द्या, बास. रानजाईताईंचं वाचून हे मला पहिल्यांदा इतकं स्वच्छ कळलं.

दोन गोष्टी अजून सांगतो. कार्ड घासलं की आमच्या खात्यात पूर्ण पैसे येत नाहीत, दीड-दोन टक्के कापले जातात. म्हणून काही दुकानदार "कार्ड असेल तर दोन टक्के वर लागतील" म्हणतात. तसे द्यावे लागले तर तुमचा एक टक्क्याचा कॅशबॅक गेलाच, वर एक टक्का खिशातून. आणि रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून आलात तर आमच्यासारख्या छोट्या दुकानदाराला २,००० पर्यंतच्या व्यवहारावर काही कापत नाहीत, तेव्हा बिनधास्त स्कॅन करा. पण सांभाळून. क्यूआर स्कॅन करताना पैसे खात्यातून चाललेत की कार्डातून, हे पाहणारे फार थोडे. बिस्किटाचा पुडाही उधारीवर जातो आणि महिनाअखेरीस माणूस विचारतो, एवढं बिल झालं कसं?

काही जण येऊन म्हणतात, "दहा हजारांना कार्ड घासा, तीन टक्के कापून रोख द्या." मी देत नाही. ज्याला रोखीसाठी कार्ड घासावं लागतं त्याचं पाऊल आधीच घसरलेलं असतं, त्याला मी अजून पुढे ढकलू का?

अनघा_के

किराणा भाऊ, ‘पान मिटवा’ हे माझ्या मनात घट्ट बसलं.

मी आठ वर्षं कार्ड वापरतेय आणि एक रुपया व्याज भरलेलं नाही. माझी पद्धत अगदी साधी आहे. माझं एक दुसरं बचत खातं आहे, ज्याचं एटीएम कार्डही मी घेतलेलं नाही. क्रेडिट कार्डावर ८४० रुपयांची भाजी-फळं घेतली की घरी येऊन तेच ८४० पगाराच्या खात्यातून त्या खात्यात टाकते. बिल त्या खात्यातून आपोआप कापलं जातं, आणि ऑटो डेबिट लावताना ‘पूर्ण रक्कम’ निवडलंय. हे नीट बघा हं, बऱ्याच ठिकाणी तिथे किमान रक्कम आणि पूर्ण रक्कम असे दोन पर्याय असतात आणि घाईत चुकीचा निवडला जातो. माझ्या जावेचं वर्षभर किमान रकमेचंच डेबिट चालू होतं. तिला वाटत होतं बिल पूर्ण जातंय.

ज्या दिवशी त्या दुसऱ्या खात्यात पैसे टाकायला जमत नाही, त्या दिवशी ती वस्तू घेत नाही.

कॅशबॅकचं म्हणाल तर वीस हजारांच्या खर्चावर एक टक्क्याने महिन्याला दोनशे मिळतात. घेते, आनंदाने घेते. पण काकांचा २,०६५ चा आकडा बघा. एका महिन्याची चूक माझे दहा महिन्यांचे दोनशे-दोनशे गिळून टाकेल.

तात्या_वाई

मी कार्ड घेतलं नाही आणि घेणारही नाही. माझं वय ७१. पेन्शन आली की आमची ही पाकिटं करते: दूध, वाणी, औषध, वीज, देणगी. पाकीट संपलं की खर्च संपला. तुम्ही लोक एवढे हिशेब, एवढी खाती आणि एवढ्या तारखा सांभाळता, त्यापेक्षा ते कार्डच नको, हे सोपं नाही का? रानजाई, तुझ्या जागी माझी मुलगी असती तर मी हेच सांगितलं असतं.

रानजाई

तात्या, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि तुम्ही मुलीसारखं मानून लिहिलंत ते वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण त्या दिवशी हॉस्पिटलच्या काउंटरवर पन्नास हजार रोख माझ्याकडे नव्हते. पतपेढीचं कर्ज मंजूर व्हायला आठवडा लागतो. चूक कार्ड वापरण्यात नव्हती. पुढच्याच आठवड्यात पतपेढीत जायला हवं होतं, मी अकरा महिन्यांनी गेले.

अनघाची दुसऱ्या खात्याची पद्धत म्हणजे तुमच्या घरचं पाकीटच आहे की.

निनाद_ठाणे

गृहकर्ज काढायचा विचार असलेल्यांनी हे वाचा.

गेल्या वर्षी फ्लॅटसाठी अर्ज केला. बँकेतला माणूस म्हणाला, तुमच्या नावावर थकबाकी दिसतेय. मी चकित. २०१८ मध्ये मॉलमध्ये एका मुलाने ‘आयुष्यभर मोफत’ म्हणून एक कार्ड गळ्यात मारलं होतं. दोन-चारदा वापरलं आणि विसरलो. मोफत होतं ते पहिल्याच वर्षी. पुढे ५०० रुपये वार्षिक शुल्क, वर ९० जीएसटी, असे ५९० लागले. बिल जुन्या ईमेलवर जात होतं. त्या ५९० वर दंड आणि व्याज चढत साडेआठ हजार झाले, आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, माझ्या नावापुढे महिनोन्‌महिने थकीत.

त्या बँकेशी भांडून दंड माफ करून घेतला. तिथल्या बाई म्हणाल्या, तीन हजारांत ‘सेटल’ करून टाका. मी होणारच होतो तयार, पण सासऱ्यांनी अडवलं. रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा पडला की पुढचा कर्ज देणारा ते ‘पूर्ण फेडलं नाही’ असंच वाचतो. मूळ रक्कम पूर्ण भरली, ‘काही बाकी नाही’ असं पत्र घेतलं आणि खातं ‘क्लोज्ड’ दाखवून घेतलं. यात चार महिने गेले आणि ठरलेला फ्लॅट हातचा गेला.

स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, ही नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून, प्रत्येकी एकदा. दर तीन महिन्यांनी एकीकडून काढला तरी वर्षभर नजर राहते. मी आता घरातल्या सगळ्यांचे काढतो.

सुधीरकाका

निनाद, हे फार मोलाचं लिहिलंस. कार्ड बंद करण्याबद्दल पुढचं सगळ्यांनी लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेचे कार्डांविषयीचे निर्देश २१ एप्रिल २०२२ ला आले आणि १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यानुसार बाकी शून्य असेल तर बंद करण्याचा अर्ज सात कामाच्या दिवसांत पूर्ण करायचा. नाही केला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. फोनवर मुलं गोड बोलतात, "सर, पुढच्या वर्षाचं शुल्क माफ करतो, ठेवा कार्ड." पण अर्ज लेखी किंवा ईमेलने द्या, तारीख राहते.

न मागता कार्ड पाठवणंही त्याच निर्देशांनी बंद आहे. तसं कार्ड तुमच्या संमतीशिवाय चालू करून बिल लावलं, तर ते मागे घ्यायचं आणि वर दुप्पट रक्कम दंड म्हणून तुम्हाला द्यायची. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. १४४४८ वर फोन करून माहिती मिळते, पैसे लागत नाहीत.

रानजाई, तू शिक्षिका आहेस म्हणून विचारतो. तुझा पगार कधी होतो आणि बिलाची शेवटची तारीख कोणती होती?

रानजाई

पगार पाच ते दहाच्या मध्ये कधीही होतो, काका. एखाद्या महिन्यात पंधरा तारीखही उजाडते. कार्डाची शेवटची तारीख २ होती.

सुधीरकाका

हेच मनात होतं. महिन्यातला सगळ्यात कोरडा दिवस बिलाला नेमला गेला, मग तुला नाइलाजाने छोटी चौकट दिसणारच. बिलाचं चक्र बदलून मागायचा तुला हक्क आहे, तोही त्याच निर्देशांत दिलाय. बिल २६ च्या सुमारास निघेल असं करून घेतलं की शेवटची तारीख पुढच्या महिन्यात १६ च्या आसपास जाते. पगाराच्या तारखेनंतर पाच-सहा दिवस मोकळे ठेवावेत.

आणखी एक. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत उशिराचा दंड लावता येत नाही आणि खातं थकीत म्हणून कळवता येत नाही. पण व्याज थांबत नाही, म्हणून त्या तीन दिवसांवर विसंबू नका.

हर्णै_बंदर

माझ्या बाबांचं लिहिते. कुणाचे तरी आईवडील वाचावेत म्हणून.

बाबा निवृत्त आहेत, हर्णैला एकटेच असतात. दुपारी जेवून पडले होते, फोन आला. मराठीत, अगदी अदबीने. "काका, तुमच्या कार्डावरचे ६,४०० पॉइंट आज रात्री संपतायत, मी लिंक पाठवतो." बाबांनी लिंक उघडली, त्यातून मोबाइलमध्ये काहीतरी उतरवलं गेलं, आणि आलेला ओटीपीही त्यांनी वाचून दाखवला. आठ मिनिटांत दोन व्यवहार, ४६,००० गेले.

बाबांना लाज वाटली आणि त्यांनी मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितलं. ती लाजच आम्हाला नडली. नियम असा आहे की आपली चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर आपल्यावर काहीच येत नाही. पण ओटीपी आपण स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतरचं बँकेचं. बाबांच्या बाबतीत तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली, एका व्यवहारातले ११,००० वाटेत अडवता आले. उरलेले आम्ही भरले.

आता बाबांच्या कार्डाचे परदेशी व्यवहार बंद, ऑनलाइन बंद, मर्यादा पंधरा हजारांवर आणली. अ‍ॅपमध्ये हे सगळं दोन मिनिटांत होतं. औषध मागवायचं असलं की मी फोनवर असताना ऑनलाइन चालू करतात आणि लगेच बंद करतात. फ्रिजवर मोठ्या अक्षरात १९३० लिहून ठेवलंय.

बाबा अजून मध्येच म्हणतात, "एवढा शिकलेला माणूस मी." मी त्यांना म्हणते, शिकलेल्यांनाच फोन येतात बाबा, त्यांच्याकडेच कार्डं असतात.

अनघा_के

हर्णै, बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांनी सांगितलं म्हणून अकरा हजार तरी परत आले. कित्येक जण सांगतच नाहीत.

वऱ्हाडी_माणूस

‘नो कॉस्ट ईएमआय’ खरंच फुकट असतो का? फ्रिज घ्यायचा आहे.

निनाद_ठाणे

पूर्ण फुकट नाही, भाऊ. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच मनाई केली आहे. त्यामुळे बँक व्याज लावते आणि तेवढी सूट विक्रेता किमतीत देतो. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याकडून जातो, आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी वेगळी. शिवाय दुकानदाराला विचारा, "एकरकमी रोख दिले तर किती?" माझ्या वॉशिंग मशीनला तिथेच बाराशे कमी झाले. तीच ईएमआयची खरी किंमत.

परदेशी जाणाऱ्यांसाठीही एक लिहितो. बँकॉकच्या हॉटेलात मशीनवर विचारलं, थाई बाथमध्ये भरणार की रुपयांत? मी आपलं म्हणून रुपये निवडले. त्या रूपांतराचा दर मशीनवाल्याचा असतो आणि तो महाग पडतो. नेहमी तिथलं स्थानिक चलन निवडा. आपल्या बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचा आकारही असतो, माझ्यावर साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी. दहा हजारांना ४१३ रुपये.

सुधीरकाका

एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढू नका, हे लिहायचं राहिलं. त्याला बिनव्याजी एक दिवसही नसतो आणि काढण्याचं शुल्क वेगळं.

रानजाई

मंडळी, आज मैत्रिणीला धागा दाखवला. मधली सुट्टी पुरली नाही, शाळा सुटल्यावर वर्गातच बसलो. तिने काकांचा हिशेब स्वतःच्या आकड्यावर फळ्यावर करून पाहिला. अठरा हजारांवर व्याज ६३०, कर ११३. नऊशेतून मुद्दलात १५७. खडू हातात धरून बराच वेळ ती त्या १५७ कडे बघत उभी राहिली.

तिची एक आरडी होती, पंधरा हजारांची, दिवाळीत कानातले करायला ठेवलेली. ती मोडली आणि तीन हजार मी दिले. पूर्ण अठरा हजार माझ्यासमोर भरले. मग तिथूनच कस्टमर केअरला फोन लावून बिलाचं चक्र बदलून मागितलं. पलीकडच्या मुलीने आधी "असं होत नाही मॅडम" म्हटलं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचं नाव घेतल्यावर दोन मिनिटं फोन होल्डवर ठेवला आणि विनंती नोंदवून घेतली. पुढचं बिल २६ तारखेला निघेल.